ही पाटी कुठं लावायची?

४ फेब्रुवारी

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहावं की 'प्रिय', यात एक कागद वाया गेला. सात वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे दोन्ही शब्द उसने आणल्यासारखे वाटतात. शेवटी नुसतं 'दादा' लिहिलं. त्यात तरी काही चूक निघायची नाही.

पत्ता आईकडून घेतला. तू दरवर्षी तिला दोन ओळींचं कार्ड पाठवतोस, ती सगळी तिने शिवणाच्या डब्यात जपून ठेवली आहेत. तुझा फोन नंबर कुणाकडेच नाही. असता तरी मी लिहिलंच असतं. बोलताना माझी जीभ अडखळते. लिहिलेलं टाकण्याआधी दोनदा वाचता येतं.

काम आहे म्हणून लिहितोय. आपल्याकडे दोनशे चाळीस पाट्यांची ऑर्डर आली आहे. बंदरांवर माल वाहून नेणारे लांबलचक सरकते पट्टे बनवणारी एक कंपनी आहे. पट्ट्याच्या कडेने एक दोरी ताणलेली असते. कुणाचं काही अडकलं तर ती दोरी ओढायची, की पट्टा जागच्या जागी थांबतो. दोरीच्या वर, दर काही पावलांवर, आपली पितळेची पाटी. वरच्या ओळीत इंग्रजी, खालच्या ओळीत स्पॅनिश, शब्द एकच: ओढा. इंग्रजीतला तुला माहीत आहे. पी, यू, एल, एल. पत्रा सपाट करायच्या आपल्या रुळांच्या यंत्रावर, दोरीशेजारी जी पाटी आहे, तिच्यावर तोच आहे.

स्पॅनिशसाठी वाचनालयातून शब्दकोश आणला. त्यात शब्द सापडला: टी, आय, आर, ई. उच्चार 'तीरे'. शब्दकोशात क्रियापद मूळ रूपात दिलं होतं, आज्ञेचं रूप मागच्या तक्त्यातून काढलं आणि चार वेळा ताडून पाहिलं. पण त्याच शब्दाखाली बारीक अक्षरांत आणखी एक शब्द होता: जे, ए, एल, ई. 'हाले' असा काहीसा उच्चार. त्याच्यापुढे लिहिलंय, 'काही देशांत'. काही म्हणजे कोणत्या, ते लिहिलेलं नाही. हे पट्टे तू राहतोस त्याच मुलखातल्या बंदरांवर जाणार आहेत.

कंपनीचा जो माणूस येतो त्याला आईने घाईवाला हे नाव दिलंय, कारण तो कधी बसत नाही. दारात उभा राहून बोलतो आणि बोलता बोलताच चालू लागतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "अहो, डिक्शनरीत आहे ना? मग कोरून टाका. दोन्ही चार चार अक्षरांचे आहेत, तुमचं काय जातंय?"

पण पितळेवर खोडरबर चालत नाही, हे तू मला शिकवलंस. म्हणून विचारतोय. तिथली माणसं काय म्हणतात?

बाबांचे डोळे जवळजवळ गेले आहेत. हे मधेच लिहितोय, कारण शेवटी लिहिलं असतं तर मुद्दाम लिहिल्यासारखं वाटलं असतं. उजव्याने काही दिसत नाही. डाव्याने नुसत्या कडा दिसतात; दारात माणूस उभा आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्ष, फार तर दीड वर्ष, मग तेही नाही. तरी काम सोडलेलं नाही. अंगठ्याने वाचतात. कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवतात आणि कुठं खोली कमी पडली ते सांगतात. माझ्या डोळ्यांना जे दिसत नाही ते त्यांच्या अंगठ्याला सापडतं.

मी तुला लिहितोय हे त्यांना माहीत नाही.

आई बरी आहे. सहीच्या जागी तू ठेवलेलं नावच लिहितो.

काना-मात्रा


१३ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. आईने ते पोस्टमनच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. मी वाचून दाखवलं. वाचायला होतं तरी काय? एकच ओळ: "आधी सांग, ही पाटी कुठं लावायची, आणि वाचणारा कुठं उभा असेल?"

आई इतकी हसली की पदर डोळ्यांना लावायला लागला. म्हणाली, "बघ! सात समुद्र ओलांडून गेला आणि बोलला काय, तर बापाचंच वाक्य!"

खरंच तेच वाक्य आहे. बाबा अजूनही प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच विचारतात. परवा एक बाई दाराची पाटी करायला आल्या. नाव सांगितलं, माप सांगितलं, तरी बाबांचं आपलं, "लावायची कुठं? वाचणारा पायरीवर असेल की खाली रस्त्यावर?" बाई म्हणाल्या, "अहो, पाटी करायची आहे, घर नाही बांधायचं." बाबा ढिम्म. शेवटी त्या घरी जाऊन पायऱ्या मोजून आल्या.

तर, तू विचारलंस म्हणून नीट लिहितो. मी कंपनीत जाऊन एक पट्टा चालताना पाहून आलो. पाटी लावायची दोरीच्या वर एक वीत, म्हणजे माणसाच्या छातीच्या उंचीवर. दर सहा पावलांना एक. वाचणारा पट्ट्याकडे तोंड करून उभा असेल, हातात मोजे असतील, धूळ असेल, आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येणार नाही. पाटी चार इंच बाय दोन इंच, अक्षरांत लाल रंग भरलेला. वाचणारा शिकलेला असेलच असं नाही. आणि तो निवांत असताना ती पाटी वाचणार नाही. वाचण्याची वेळ येईल तेव्हा त्याचं किंवा दुसऱ्याचं काहीतरी आधीच पट्ट्यात गेलेलं असेल.

हे लिहिताना माझा हात दोनदा थांबला. अक्षर बिघडलं असेल तर त्यामुळे.

आता घरचं. आईने परवा जेवताना विषय काढला. म्हणाली, "डोळ्यांत थोडा उजेड आहे तोवर थोरल्याला एकदा बोलवून घ्या. नंतर नुसता आवाज ऐकत बसाल." बाबांनी घास तसाच ताटात ठेवला. म्हणाले, "मी कुठं नको म्हणतो? त्याने यावं. उंबऱ्याशी उभं राहून एवढंच सांगावं, की दोरीपाशी माणूस नसताना रूळ का चालवले. माझ्या बापाने घातलेला एकच नियम होता या कारखान्यात. तो का मोडला, ते सांगावं. मग आत यावं."

आई म्हणाली, "पोराची दोन बोटं गेली, आणि तुम्ही अजून नियमच घेऊन बसलात!"

बाबा म्हणाले, "नियम राहिला असता तर बोटंही राहिली असती."

मग आईने माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायला उठलो.

शब्द लवकर कळव. घाईवाला दर दोन दिवसांनी दारात येऊन उभा राहतो.

काना-मात्रा


२२ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं. खरंखुरं पत्र, चार पानी. तुझं अक्षर बदललंय, डावीकडे झुकलंय. तू आता डाव्या हाताने लिहितोस हे मला ठाऊक नव्हतं. कार्डांवर इतकं थोडं असायचं की लक्षात आलं नाही. की आलं होतं आणि मी लक्ष दिलं नाही, ते सांगता येत नाही.

तू शब्दासाठी अकरा माणसांना विचारलंस. नुसतं विचारलं नाहीस, गोदामाच्या दाराला एक दोर बांधलास, त्यांना समोर उभं केलंस आणि "या दोराचं काय करायचं हे दुसऱ्याला ओरडून सांगायचं असेल तर काय ओरडाल?" असं म्हणालास. नऊ जण 'हाले' ओरडले. एकजण, जो दुसऱ्या देशातून आलाय, 'तीरे' म्हणाला. आणि ती झाडणारी म्हातारी म्हणाली, "ओरडायचं कशाला, मीच जाऊन ओढीन." हे आईला वाचून दाखवलं. ती आता घरात जिथे तिथे तेच म्हणते. मी सांडशी मागितली तर म्हणाली, "मागायची कशाला, स्वतः जाऊन घेईन, असं म्हण."

तू पुढे लिहिलंयस, "शब्दकोशातला शब्दही त्यांना कळतो. पण कळायला एक क्षण लागतो. दोरीपाशी तो क्षण नसतो."

या वाक्याशी मी किती वेळ थांबलो ते लिहीत नाही.

आता कामाचं सांगतो. तुझं पत्र यायला उशीर झाला आणि घाईवाल्याने भंडावून सोडलं, म्हणून मी चाळीस पाट्या 'तीरे' कोरून ठेवल्या होत्या. तुझं पत्र आल्यावर त्या बाबांपुढे नेल्या आणि सगळं सांगितलं. नऊ आणि एक, आणि ती म्हातारी. बाबांनी एका पाटीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "अक्षर झकास आलंय. वितळवून टाक."

घाईवाला नेमका तेव्हाच दारात होता. म्हणाला, "अहो, साहेबांनी मंजूर केलेल्या कागदावर तीरे आहे! शुद्ध आहे ते!"

बाबा म्हणाले, "शुद्ध असेल. पाटी वाचल्यावर हात आधी गेला पाहिजे, डोकं मागून आलं तरी चालेल. साहेबांना म्हणावं, दोरीपाशी तुम्ही उभे राहणार असाल तर तुमच्या पसंतीचं कोरतो."

घाईवाला पहिल्यांदाच आत येऊन स्टुलावर बसला. दुसऱ्या दिवशी कंपनीतून होकार घेऊन आला.

तो गेल्यावर बाबांनी मला विचारलं, "माणसं उभी करून, दोर बांधून विचारणारा हा आहे कोण? ज्याने विचारलं तो कधीतरी दोरीपाशी उभा राहिलेला आहे."

मी म्हणालो, "पत्राने ओळख झाली."

आतून आई खोकली. बाबा म्हणाले, "कारागीर असावा. असा एक माणूस इथं हवा होता."

दादा, इथपर्यंतचा मजकूर दोन दिवसांपूर्वीचा आहे. पुढचं आज लिहितोय.

तो दिवस तुला आठवतो. मला काय आठवतं ते तुला माहीत नाही, कारण आपण त्यावर एक शब्दही बोललो नाही. तू पत्रा रुळांत घालत होतास. मी दोरीपाशी होतो. तूच मला तिथे उभं केलं होतंस, नेहमीसारखं, आणि म्हणालास, "काना-मात्रा, लक्ष ठेव." तुझा हातमोजा पत्र्याच्या कडेला अडकला. मला दिसलं. तू माझं नाव घेऊन ओरडलास. ऐकू आलं. मी दोरीकडे पाहिलं, आणि दोरीशेजारची पाटी डोळ्यांसमोर आली. पी, यू, एल, एल. मी ती वाचली. मला अर्थ येत होता. मी पुन्हा वाचली. हात खालीच होते. त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारा मीच होतो, आणि मी वाचत होतो. शेवटी तूच वाकून डाव्या हाताने दोरी ओढलीस.

बाबा धावत आले. तुझा हात फडक्यात गुंडाळायच्या आधी त्यांनी विचारलं, "दोरीपाशी कोण होतं?" मी तोंड उघडलं होतं, दादा. हे खरं आहे. पण तू माझ्याकडे न पाहता म्हणालास, "कुणी नव्हतं. मी एकटाच होतो."

मी तोंड मिटलं. संध्याकाळी बाबांनी मला वेगळं विचारलं, "तू कुठं होतास?" मी म्हणालो, "नळावर." तेवढा एकच शब्द मी माझ्या मनाने बोललो. बाकीचं तू बोललास. पुढे तू दवाखान्यातून आलास, बाबा दोन महिने तुझ्याशी बोलले नाहीत, मग एक दिवस 'दोरीपाशी माणूस का नव्हता' एवढंच बोलले, आणि त्याच आठवड्यात तू गेलास. मी नववीतून शाळा सोडली आणि तुझ्या स्टुलावर बसलो.

सगळे म्हणतात, धाकटा फार काटेकोर आहे, एक मात्रा इकडची तिकडे होऊ देत नाही. मी प्रत्येक अक्षर का चार वेळा तपासतो ते त्यांना माहीत नाही.

हे मी बाबांना सांगणार आहे. पण आधी तुला लिहिलं.

धाकटा


२० मे

दादा,

तुझं उत्तर मिळालं. आईला वाचून दाखवलं नाही.

तू लिहितोस, "बाबांना सांगू नकोस. तू पंधरा वर्षांचा होतास आणि चुन्यासारखा पांढरा पडला होतास. मी जे बोललो ते समजून उमजून बोललो. आता त्या म्हाताऱ्याच्या हाताशी तू एकटाच आहेस, तुझ्यावरचा विश्वास उडाला तर तो कुणाच्या आधाराने काम करील? माझं इथं बरं चाललंय."

मी पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. हे लपवून ठेवण्यासारखं आहे, म्हणूनच लिहितोय. दोन दिवस मी शीळ घालत काम केलं. आई म्हणाली, "आज काय, लॉटरी लागली की काय?"

तिसऱ्या दिवशी बाबांनी मला दारावरच्या पाटीखाली उभं केलं. तुला आठवत असेल, वर त्यांचं नाव आणि खाली 'आणि मुलगे'. ती त्यांनी स्वतः कोरली होती, आपण दोघं दप्तर घेऊन शाळेत जायचो तेव्हा. म्हणाले, "ही काढ. नवी कर. खाली 'आणि मुलगा' असं घाल. माझे डोळे पूर्ण जायच्या आत कारखाना तुझ्या नावावर व्हायला हवा. पाटीने खोटं बोलू नये."

मी म्हणालो, "राहू द्या ना, कुणाला त्रास होतोय?"

"मला होतोय," बाबा म्हणाले. "येता जाता हाताला कळतं ना. दिसत नसलं म्हणून काय झालं."

पितळेचा पत्रा कापून ठेवलाय. चार दिवस झाले, रोज पुसतो आणि परत ठेवतो. आई विचारते, "अरे, कोरतोस की त्याला आंघोळ घालतोस?"

तू म्हणतोस, तुझं तिथं बरं चाललंय. पण त्या चार पानी पत्रात, अकरा जणांपैकी एकजण तुला म्हणाला ते तू लिहिलं होतंस: "तू सगळ्यांना विचारतोस, पण तुझा हात नेहमी बाहीत का?" मी ते आईला वाचून दाखवताना गाळलं होतं. असं गाळायला मी चांगला शिकलोय.

बाबांना समोर बसून सांगायचा प्रयत्न मी तीन वेळा केला. पहिल्या वेळी शेजारची शिंपीणकाकू आली. दुसऱ्या वेळी मी सुरुवात केली, "बाबा, त्या दिवशी..." आणि ते म्हणाले, "कोणत्या?" तर मी म्हणालो, "बाई पायऱ्या मोजायला गेल्या होत्या, त्या दिवशी." तिसऱ्या वेळी कुणीही आलं नाही. तरी मी काही बोललो नाही.

मला बोलता येणार नाही, हे आता मला कळलंय. मला एकच गोष्ट करता येते. ती करीन.

तू सांगू नकोस म्हणालास, ते मी ऐकणार नाही. राग मानू नकोस.

धाकटा


३ जून

दादा,

पाट्या पूर्ण झाल्या. दोनशे चाळीस. मागच्या आठवड्यात सोमवारी बाबांनी त्या तपासल्या. नेहमीसारखे खिडकीपाशी बसले, डावीकडे गठ्ठा, उजवीकडे रिकामी पेटी. एक एक पाटी घ्यायची, अंगठा वरच्या ओळीवरून, मग खालच्या ओळीवरून, मग चारही भोकांवरून फिरवायचा, आणि पेटीत ठेवायची. मी मोजत होतो. मोठ्याने नाही.

तीन पाट्या त्यांनी बाजूला काढल्या. एकीत 'एल'चा पाय उथळ होता, दोहोंत रंग कडेबाहेर आला होता. दुपारच्या जेवणानंतर पुन्हा बसले. दोनशे चाळिसावी पाटी पेटीत गेली आणि त्यांचा हात डावीकडे आला. तिथे आणखी एक होती. मापाने तशीच, पण रंग भरलेला नाही, भोकंही पाडलेली नाहीत.

त्यांनी अंगठा लावला. पहिल्याच अक्षरावर थांबले, कारण त्यांना इंग्रजी अपेक्षित होतं. मग परत डावीकडून सुरुवात केली. मी आयुष्यात कोरलेली सगळ्यात खोल अक्षरं आहेत ती. एकच ओळ आहे.

दोरीपाशी मी होतो.

त्यांनी ती दोनदा वाचली. मग पाटी मांडीवर ठेवली, आणि जे प्रत्येक पाटीला विचारतात तेच विचारलं.

"ही कुठं लावायची?"

मला वाटलं होतं की ते ओरडतील, आणि ओरडल्यावर काय करायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते ठरवलं नव्हतं.

थोड्या वेळाने म्हणाले, "नळावर होतास ना तू?"

"नव्हतो."

"आणि तो म्हणाला, कुणी नव्हतं."

"हो."

"तू दोरीपाशी होतास, आणि तरी..."

"हात उचलला गेला नाही, बाबा. मी पाटी वाचत होतो."

ते खिडकीकडे तोंड करून बसले. आई पाण्याचा तांब्या घेऊन आली, दोघांकडे पाहिलं, तांब्या ठेवला आणि न बोलता गेली. आई न बोलता गेली, यावरून तुला अंदाज येईल.

मग बाबा म्हणाले, "नियम त्याने मोडला नव्हता." मला नाही, स्वतःला सांगितल्यासारखं म्हणाले. आणि पुन्हा, "सात वर्षं मी त्याला एकच गोष्ट विचारत बसलो, आणि ती त्याने केलीच नव्हती."

मी म्हणालो, "चूक माझी आहे."

"तुझी आहेच," बाबा म्हणाले. "माझी वेगळी आहे, ती तू वाटून घेऊ नकोस. पंधरा वर्षांच्या पोराचा हात उचलला गेला नाही, हे मी तेव्हाच समजून घेतलं असतं. नळावर होतो हे नाही समजणार. तेही समजेल, पण आज नाही."

मी बाजूला काढलेल्या तीन पाट्या उचलून दुरुस्तीला बसलो.

चार दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी पत्रा सपाट करायचा होता. रोजच्यासारखं मी शिंपीणकाकूला दोरीपाशी उभं राहायला बोलवायला निघालो, तर बाबा म्हणाले, "कुणाला बोलवू नकोस. मी उभा राहतो."

मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला दिसणार नाही..."

"दोरी काय दिसायला लागते? हातात धरून उभा राहीन. मला पाटी वाचायची नाहीये, त्यामुळे तुझ्यापेक्षा बराच बरा." मग जरा थांबून म्हणाले, "तू ओरड म्हणजे झालं."

आता रोज तेच दोरीपाशी असतात. मी पत्रा घालतो आणि ते दोरी मुठीत धरून, मान जरा तिरकी करून, आवाज ऐकत उभे असतात. परवा मी नुसतं शिंकलो तर यंत्र बंद! आई आतून म्हणाली, "आज जेवायला कितीला बसणार ते सांगा, तोवर मी एक झोप काढते." बाबा हसले. त्या सोमवारनंतर पहिल्यांदा.

दारावरची जुनी पाटी तिथेच आहे. नव्या पत्र्याचं काय करायचं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. काल येताना त्यांचा हात 'आणि मुलगे' वर थोडा जास्त वेळ होता.

तुझ्याबद्दल त्यांनी एकच वाक्य सांगितलंय आणि म्हणाले, जसंच्या तसं लिही, तुझं शहाणपण घालू नकोस. म्हणून जसंच्या तसं लिहितो: "त्याला लिही, उंबऱ्याशी उभं राहून काही सांगायची गरज नाही. सांगायचं राहिलंय ते माझं आहे, आणि मला पत्रात सांगता येत नाही."

दोनशे चाळीस पाट्या काल रवाना झाल्या. घाईवाला स्वतः पेट्या मोजायला आला आणि चक्क चहा संपेपर्यंत बसला. त्या सगळ्यांवर 'हाले' आहे. कधी एखाद्या बंदरावर दिसल्या तर उथळ अक्षर शोधू नकोस, सापडायचं नाही.

या पत्राबरोबर एक लहान पुडकं आहे. त्यात ती दोनशे एक्केचाळिसावी पाटी आहे. मी म्हणालो होतो, वितळवून टाकू. बाबा म्हणाले, "कोरलेलं वितळवायला काय ते चुकीचं आहे?" मग गिरमिट मागून घेतलं, चारही कोपऱ्यांत बोटांनी माप घेतलं आणि स्वतः भोकं पाडली. म्हणाले, "ही त्याच्याकडे पाठव. कुठं लावायची ते तो ठरवील."

डावीकडचं खालचं भोक केसभर सरकलंय. त्यांच्या अंगठ्याला ते कळलं असणार, कारण ते त्यावर दोनदा फिरले. मी कानस हातात घेतली होती. मग ठेवून दिली. आहे तसंच पाठवतोय.

पुडक्यात स्क्रू घातलेले नाहीत. चार काढून ठेवलेत, माझ्या खणात आहेत. तिथं लावायची असेल तर कळव, पोस्टाने पाठवीन. इथं लावायची असेल तर ये.

तुझा धाकटा